मुकी केलेली चप्पल

"आजी, रीलमध्ये बघून मागवलीय, वाजणारी हाय!" म्हणत नातीनं जीन्सखाली नवी कोल्हापुरी घालून सोप्यात करकर फेरी मारली, आणि त्या चामड्याच्या वासानं मी पार मागं गेले. माझ्या सासऱ्यांची चप्पल अश्शीच वाजायची. म्हातारपणी ते घरचा रस्ता विसरायचे, पण करकर ऐकली की मी धावत जाऊन त्यांना दारातनंच परत आणायची. बाळ दचकून उठतंय म्हणून एकदा मी त्या चपलेत भरपूर तेल मुरवलं. "सूनबाई, मुकीच केलीस की गं हिला!" म्हणून ते हसले. त्याच दुपारी ते बाहेर पडले, मला ऐकूच आलं नाही, आणि ते पुन्हा कधी घरी आलेच नाहीत. आज नात पाठीमागनं करकरत आली, तर मी वळून न बघताच बोलून गेले, "आलासा व्हय, मामंजी?"