रोलिंग मिलखालचं माहेर

गवत उपटायला हेल्मेट कशाला लागतं, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. पण आमच्या वैशाली नगरातल्या तळ्याकाठच्या कोपऱ्यात दर रविवारी सकाळी सात-आठ निवृत्त माणसं डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून गाजरगवत उपटत असत, आणि त्यांतला एक माझा नवरा होता. आधी सगळे ओळीत उभे राहायचे. मग एक जण आजचं काम काय, धोका कुठे, पिण्याचं पाणी कुठे ठेवलंय ते सांगायचा. हे सगळे ज्या पोलादाच्या प्लांटमध्ये होते तिथे शिफ्ट सुरू होण्याआधी असंच सांगतात म्हणे. इथे धोका म्हणजे फार तर लाल मुंग्या. तरी सगळे गंभीरपणे माना डोलवायचे आणि मगच खाली वाकायचे.

तिथे बाग करायची होती. प्लांट उभा राहिला तेव्हा ज्या गावांची जमीन त्यात गेली, त्या गावांची आठवण म्हणून. कल्पना या टोळीचीच. सगळी जिंदगी जिथं भाकरी कमावली ती जमीन कोणाची होती, हे यांना निवृत्त झाल्यावर आठवलं. उशिरा का होईना आठवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यांच्या काम करण्याच्या तऱ्हेबद्दल. झाडं लावली ती दोरी ताणून. बाकं ठेवली ती लेव्हल बघून. पायवाटेच्या कडेला पिवळे-काळे पट्टे. आणि जे जे जागचं हलत नाही त्याला आधी रेड ऑक्साइड, त्यावर ॲल्युमिनियम पेंट. फाटक चंदेरी, नळ चंदेरी, कचऱ्याचा डबा चंदेरी. एक म्हातारं कुत्रं तिथे ऊन खात पडलेलं असायचं, ते वेळेवर उठायचं म्हणून वाचलं.

या सगळ्यावर देखरेख करायला आमच्या गल्लीतली दाई यायची. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई, पण तिला सगळी गल्लीच दाई म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, दुमजली घराची मालकीण, आमच्यापेक्षा मोठा टीव्ही बाळगून असलेली. तिचा नवराही प्लांटमध्येच होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. ती घरून स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन यायची, सावली बघून बसायची आणि कोणाचं फावडं कुठे चुकतंय ते मोठ्यानं सांगायची. मला ती 'मराठिन' म्हणायची. इतकी वर्षं शेजारी राहून आणि माझ्या हातचं पुरण खाऊनही मी मराठिनच.

एका रविवारी तिनं आमच्या यांना विचारलं, कोणकोणत्या गावांची आठवण ठेवणार आहात म्हणून. यांनी नावं सांगितली. त्यातलं एक नाव ऐकून ती म्हणाली, हे माझं. पाच-सहा वर्षांची होती ती तेव्हा. बैलगाडीत सामान भरलं, सामानावर आईचं जातं ठेवलं आणि जात्यावर तिला बसवलं, एवढं तिला पक्कं आठवत होतं.

आमच्या घरच्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नाही. गावाचं तळं कुठल्या बाजूला होतं, रेल्वेलाइन किती दूर दिसायची, दुर्गला जायचा रस्ता कुठून होता, असं विचारत विचारत यांनी काडीनं मातीत नकाशा काढला. आणि मग काडी हातात धरून नुसतेच बसून राहिले.

"दाई, तुम्हारे गाँव की जगह तो हमारी रोलिंग मिल है," हे म्हणाले. "मैं पूरी नौकरी वहीं था."

दाई खूप हसली. मग म्हणाली, "माने जिनगी भर मोर मइके में रहेस, अउ एको तीजा मोला लेवाय बर नइ आएस."

जन्मभर माझ्या माहेरात राहिलास आणि एकाही तीजेला मला न्यायला आला नाहीस. आपली हरतालिका ती इकडची तीजा. पण आपण घरच्या घरी वाळूची पिंडी करून मोकळ्या होतो. इकडे पोळा झाला की लग्न झालेल्या बाया दाराकडे डोळे लावून बसतात. बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो, तेव्हाच माहेरी जायचं. आदल्या रात्री तिथे कारल्याची भाजी आणि भात खायचा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेता उपास. आपणहून उठून कोणी जात नाही, नातवंडांची लग्नं झालेली असली तरी नाही. दाईचं गाव गेलं तरी भाऊ होते. ते भाड्याच्या खोल्यांत राहायचे, पण तिला न्यायला यायचे. शेवटचा भाऊ गेला आणि ते थांबलं.

पुढच्या रविवारी तिनं आजवर जपलेलं ते आईचं जातं बागेला दिलं. रिक्षात घालून आणलं, उतरवताना सगळ्यांना शिव्या दिल्या आणि पिंपळाच्या रोपाजवळ जागा दाखवली. अट एकच. तीजेच्या दिवशी ती इथे येऊन जात्यापाशी बसणार. मला माहेर झालं, असं ती मला म्हणाली. म्हणताना हसत होती, पण माझा हात तिनं घट्ट धरला होता.

आणि या शहाण्यांनी त्या जात्याला ॲल्युमिनियम पेंट मारला.

वाईट हेतूनं नव्हे. पोळा जवळ आला होता, बाग झटपट तयार करायची होती, डब्यात पेंट उरला होता. आधी रेड ऑक्साइड, वरून दोन हात, अगदी नियमाप्रमाणे. खुंट्यालाही मारला. रविवारी दाई खुर्ची घेऊन आली तेव्हा पिंपळाच्या रोपाशी जातं सकाळच्या उन्हात असं चकाकत होतं की बघवत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, खुर्ची उचलली आणि घरी निघून गेली.

घरी आल्यावर मी यांना धारेवर धरलं.

"जात्याले कावून रंग मारला?"

"गंजू नये म्हून मारला ना."

"दगडाले गंज चढते?"

यावर हे थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "तू कावून एवढी चिडून राहिली? पुसून टाकू."

पुसून काही निघालं नाही. थिनर आणला, वायर ब्रश आणले, ज्यांनी आयुष्यभर लोखंड सरळ केलं ती माणसं दोन दिवस उकिडवी बसून एक दगड घासत होती. वरचा चंदेरी गेला. पण जात्याला टाकी लावताना जे बारीक खड्डे पडतात, त्यांत पेंट बसला तो बसलाच. हे दाईच्या घरी माफी मागायला गेले तर तिच्या सुनेनं दारातूनच सांगितलं, अम्मा झोपलीय. पुन्हा गेले, पुन्हा झोपलेली. एवढी झोप त्या बाईनं जन्मात घेतली नसेल. सून मला हळूच म्हणाली, यंदा तीजेला बागेत जाणार नाही म्हणते, कुठेच जाणार नाही म्हणते.

पोळा झाला. तीजेच्या आदल्या दिवशी टोळी आमच्या ओसरीवर जमली. कोणी म्हणालं नवं जातं आणू, कोणी म्हणालं पॉलिशवाला बोलवू. मी चहा देत होते, तो ट्रे मी तिथेच आपटला. एका बाईचं माहेर गेलं होतं आणि ही माणसं दगडाची चर्चा करत होती.

"मी माहेरी गेली की एसटीचा कंडक्टरही पुसते, बाई कवा आली म्हून," मी म्हटलं. "आमच्या गावचा हाये तो, मंग माझा भाऊच ना? तुम्ही सारे जिंदगीभर तिच्या गावात राहिले. मंग तुम्ही तिचे कोन?"

माझं स्वतःचं भंडाऱ्याकडचं घर भावांनी विकलं त्याला बरीच वर्षं झाली, आता त्या कंडक्टरशिवाय तिथे मला कोणी विचारत नाही, म्हणून माझा आवाज जरा जास्तच चढला होता. हे माझ्याकडे बघत होते. मग यांनी चहा संपवला आणि इस्त्रीचा शर्ट कुठे ठेवलाय असं विचारलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात यांचा सराव चालला होता. घरात मराठी, बाहेर हिंदी, छत्तीसगढी समजते सगळी पण जीभ वळत नाही. "दीदी, लेवाय बर आए हन." ताई, न्यायला आलोय. मी कारली चिरत होते आणि हे ओट्याला टेकून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. सगळी गल्ली जिला दाई म्हणते तिला दीदी म्हणायला यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, लाज वाटत असेल तर हेल्मेट घालून जा.

मग सगळे दाईच्या घरी गेले. इस्त्रीचे शर्ट, पायात बूट, एकाच्या हातात साडीचा डबा, एकाच्या हातात केळी. मी मागे राहून चालत होते. फाटक उघडायच्या आधी हे सवयीनं सगळ्यांना ओळीत उभं करून काही सांगायला लागले, तेव्हा मी खाकरले. मग आत गेले.

दाई ओसरीवर खुर्चीत बसली होती. आज झोपली नव्हती. तिनं इतक्या जणांकडे पाहिलं, साडीच्या डब्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"दीदी," हे म्हणाले. पुढचं वाक्य विसरले. मग आठवलं. "लेवाय बर आए हन."

दाईनं पदर सारखा केला. मग यांच्याकडे न बघताच तिनं विचारलं, "कोन गाँव ले आए हव?"

कुठल्या गावाहून आलात. दारात न्यायला आलेल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ते माहीतच असतं. यांनी तिच्या गावाचं नाव सांगितलं. नुसतं नाव, जसं आपण भंडाऱ्याहून आलो, गोंदियाहून आलो म्हणतो तसं.

दाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले आणि आतल्या सुनेला हाक मारली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "बहू, मोर झोला ला लान. मइके ले लेवाय बर आए हें."

सून लगेच पिशवी घेऊन आली. इतक्या लगेच, की मी तिच्याकडे बघतच राहिले. पिशवी दाराआड भरलेलीच होती. दोन साड्या, टॉवेल, औषधाच्या गोळ्या, सगळं घडी करून. सून माझ्या कानाशी वाकून म्हणाली, अम्मा दरवर्षी पोळा झाला की ती भरून ठेवते, आणि गणपती बसले की रिकामी करते.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. यांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण दाईनं तो बाजूला सारला.

"मराठिन उठाही," ती म्हणाली. भावजयीनं काही काम नको का करायला.

मी पिशवी उचलली. आमचं घर चार दारं सोडून आहे, पण दाई वाटेत प्रत्येक फाटकाशी थांबली आणि कुठे चालली आहे ते सांगत गेली. घरी कारल्याची भाजी तयार होती. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, कडू कमी झालीय.