मुंग्यांना घातलेलं पीठ

सकाळपासून चार वेळा हात धुतले, तरी जिवाला चैन नाही. कुणाला तरी सांगावं म्हणून इथं लिहायलेय.

आमी झरीला राहतो. अंगणात, ओट्यावर, साखरेच्या डब्यात, जिथं बघावं तिथं लाल मुंग्या. काल वैतागून दुकानातून मारायची पावडर आणली. पुडी फाटली, म्हणून पिठाच्या जुन्या डब्यात ओतली आणि डबा फळीवर ठेवून दिला.

आमच्या सासूबाई रोज भाकरी करायच्या आधी चिमूटभर पीठ तुळशीजवळ मुंग्यांच्या बिळाशी घालतात. मी मारायलेय आन् त्या पोसायल्यात, यावरून आमची कुरबुर नेहमीचीच.

आज त्यांनी नेमका तोच डबा काढला. सर्दीमुळं वासही आला नाही. थोड्या वेळानं अंगणातून हाक आली, "सूनबाई, मुंग्या मरायल्यात गं. पिठात काय हाय बघ बरं."

मी स्वयंपाकघरात पळाले. परातीत तेच काढून ठेवलेलं, चुलीवर पाणी तापत होतं. मुंग्यांना आधी घालायची त्यांची रीत नसती, तर त्याच्याच भाकरी आमच्या ताटात आल्या असत्या.

परातीतलं, डब्यात उरलेलं सगळं लांब खड्ड्यात पुरलं. सासूबाईंचे हात साबणानं धुतले.

त्या अजून बिळापाशीच बसल्यात. गिरणीवाल्याला बोल लावायल्यात, मधीच म्हणतात, "माझ्या हातानं घातलं गं त्यांना."

डबा मी भरला होता, हे अजून सांगितलं नाही. तुमी कसं सांगितलं असतं?