चावी देतो, पण आधी तुम्ही कोण ते सांगा!

जुनी गाडी शोधायला निघालं की गाडी राहते बाजूला आणि किस्सेच गोळा व्हायला लागतात! मिलच्या कॅन्टीनमध्ये मी एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, आणि दुसरा संपायच्या आत भोंगा होतो. त्यामुळे सलग असे कुणालाच ऐकायला मिळालेले नाहीत. आज सुट्टी आहे, बसा निवांत, सांगतो.

तर मी विजय. राहतो बुऱ्हाणपूरला, नोकरी पेपर मिलमध्ये, इलेक्ट्रिकल विभागात. अख्खं आयुष्य बाईकवर गेलं. पण आईचे गुडघे गेले आणि तिचं बाईकवर बसणं बंद झालं. तिची सख्खी बहीण रावेरला, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर, पण दोन वर्षांत भेट नाही! मग ठरवलं, चारचाकी घ्यायचीच. जुनी, पण चांगली.

बायकोची, सुनंदाची, एकच अट. "दलालाकडून नाही घ्यायची. ज्यानं चालवली त्याच्याकडूनच घ्यायची. आधी त्याच्या घरचा चहा प्यायचा, मग गाडीला हात लावायचा!"

ऐकायला किती सोपं! पण तुम्हाला सांगतो, घेणारा जेवढा घाबरलेला असतो ना, त्याच्या दुप्पट विकणारा घाबरलेला असतो. हल्ली फसवणारे इतके झालेत की दारात उभा असलेला माणूस चोर नाही, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं.

माझ्या सोबतीला भगवानभाऊ. मिलमधले फिटर. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून रोग सांगतात. त्यांच्यात खोट एकच, मनात आलेलं ओठावर यायला त्यांना अर्धा सेकंदही लागत नाही.

*

पहिलीच गाडी बहादरपूरला. मालक केळीचे बागायतदार, सगळे त्यांना नाना म्हणतात. आम्ही पोचलो तर फाटक बंद. नाना आत, आम्ही बाहेर, मध्ये लोखंडी गज. तुरुंगात भेटायला गेल्यासारखं!

"कुठले तुम्ही?" नानांनी विचारलं.

"बुऱ्हाणपूरचे."

"ते आत्ताचे. मूळचे?"

"यावलकडचे."

"यावलकडे कोण कोण आहे?"

झालं! मी काका सांगितले, मामा सांगितले, मामाचे साडू सांगितले. साडूंचं गाव सावदा म्हणताच नानांचे कान टवकारले. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सावद्याला फोन लावला. पाच मिनिटं हं, हं, बरं, बरं. आणि मग काय सांगू, फाटक सताड उघडलं! मामाच्या साडूंची बहीण नानांच्या चुलतभावाच्या घरी दिलेली निघाली!

खुर्च्या आल्या. पोहे आले. केळीचे वेफर्स आले. भगवानभाऊ माझ्या कानात पुटपुटले, "गाडी झाली समज!" मला तर आनंदानं पोहे गिळवेनात.

ताटल्या उचलल्यावर मी विषय काढला. "नाना, गाडी बघूया का?"

"गाडीचं आता राहू द्या."

"का हो?"

"का म्हणजे? आता तुम्ही पाव्हणे निघाले! पाव्हण्याले जुनी गाडी देऊ? उद्या रस्त्यात बंद पडली, मंग सोयऱ्याधायऱ्यात मी तोंड कसं दाखवू?"

त्या दिवशी आम्ही केळीचा अख्खा घड घेऊन परत आलो. बाईकवर!

*

दुसरा देडतलाईचा. मोबाईलवर जाहिरात पाहून मी मिलमधूनच फोन लावला. समोरचा माणूस हिंदी बोलणारा, आवाजातच संशय.

"कौन?"

"विजय बोल रहा हूँ, पेपर मिल से. गाडी के लिए."

"सब ऐसे ही बोलते हैं. पिछले हफ्ते एक फौजी था, उसके पहले एक डॉक्टर. दोनों ने ओटीपी माँगा."

मी म्हटलं, माझ्या ओळखपत्राचा फोटो पाठवतो. तर म्हणे, "फोटो तो आजकल कोई भी बना लेता है." मग जरा विचार करून म्हणाला, "मिल में हो ना? तो भोंगा सुनाओ!"

"अभी कैसे? भोंगा तो दो बजे होगा."

"अभी कितने बजे?"

"पौने दो."

"ठीक है. मैं फोन पे हूँ."

आणि खरंच राहिला! पंधरा मिनिटं! मी उन्हात, यार्डात, हातात फोन उंच धरून उभा. आमचे फोरमन तिथून चालले होते. "काय रे, कुणाचा फोन?"

"गाडीवाल्याचा, साहेब."

"मग बोलत का नाहीस?"

"भोंग्याची वाट बघतोय!"

ते आपल्या वाटेनं चालू लागले. दोनला भोंगा झाला. मी फोन अजून वर धरला. भोंगा थांबला आणि पलीकडून आनंदानं ओरडल्याचा आवाज आला, "असली है! आ जाओ भैया, आ जाओ!"

शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही धावत देडतलाईला. माणूस एकदम प्रेमळ, चहाबरोबर आमच्याकडची दराब्याची मिठाई खायला घातली. त्यानं गाडी सुरू केली. भगवानभाऊंनी डोळे मिटून दोन मिनिटं इंजिन ऐकलं, आणि डोळे उघडून म्हणाले, "भैया, हमारा भोंगा असली था. आपका इंजन नहीं है!"

*

यानंतर बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या सोनवणे साहेबांकडे. रेल्वेतून रिटायर झालेले, शर्ट पॅन्टमध्ये खोचलेला, मिशी एका रेषेत. गाडी अशी चकचकीत की त्यात बघून दाढी करावी!

भगवानभाऊंनी आल्या आल्या टॉर्च काढला. मग खिशातून लोहचुंबक काढून ते दारांना लावत सुटले, कुठे पुट्टी भरलीय का बघायला. मग गाडीखाली आडवे झाले. सोनवणे साहेब शांतपणे बघत होते. मला त्या शांतपणाचीच भीती वाटत होती.

भगवानभाऊ धूळ झटकत उठले. "ठीक वाटते."

"झालं तुमचं?" साहेब म्हणाले. "आता माझं."

ते सरळ फाटकाबाहेर आमच्या बाईककडे गेले. टायर दाबून पाहिला. आरसा हलवून पाहिला. वाकून चेनला बोट लावलं आणि ते कोरडं बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"चेनला तेल कधी दिलं होतं?"

मला आठवेना.

"जो माणूस स्वतःच्या गाडीला तेल देत नाही, त्याला मी माझी गाडी देत नाही. नमस्कार!"

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. राग नाही आला, कारण माणूस बरोबर बोलला होता. दुसऱ्याच दिवशी बाईकची सर्व्हिसिंग करून घेतली आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलो. एकटाच. बाईक त्यांच्यासमोर उभी केली. साहेब वाकले, चेनला बोट लावलं, बोट काळंकुळकुळीत! पहिल्यांदाच हसले.

"बसा, चहा घ्या. गाडी मात्र परवाच विकली हो!"

"कुणाला?"

"आला होता एक. त्याच्या स्कूटरच्या चेनला छान तेल होतं."

"साहेब, स्कूटरला चेन कुठे असते?"

साहेब कप हातात धरून बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले!

*

आता सुनंदाचा किस्सा. एक रिटायर्ड शिक्षिका, देशमुख मॅडम. त्यांच्याकडे मागे एकजण गाडी बघायला आला, टेस्ट ड्राइव्ह म्हणून घेऊन गेला आणि तीन दिवस परतलाच नाही. शेवटी गाडी मिळाली, पण मॅडमचा माणसांवरचा विश्वास गेला तो गेलाच.

"टेस्ट ड्राइव्ह हवी तर काहीतरी ठेवून जा," मॅडम म्हणाल्या.

भगवानभाऊंनी स्वतःच्या बाईकची चावी पुढे केली.

"ही नको. तोही बाईकच ठेवून गेला होता. चोरीची निघाली."

मी आधार कार्ड दिलं, मिलचा पास दिला, घड्याळ काढून दिलं. मॅडम मान हलवतच राहिल्या. मग त्यांचं लक्ष सुनंदाकडे गेलं. "ह्या कोण?"

"मिसेस."

"ह्यांना ठेवा!"

आम्ही तिघेही थक्क. पण सुनंदा खुशाल सोफ्यावर बसली. भगवानभाऊ चालवायला, मी शेजारी, तापीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वीसेक मिनिटं लागली असतील. परतलो तर दोघी अशा हसतायत की मॅडमच्या डोळ्यांत पाणी!

नंतर कळलं. दहा मिनिटं झाल्यावर मॅडम अस्वस्थ झाल्या होत्या. "काय हो, तुमचे मिस्टर गाडी घेऊन पळून गेले तर?"

सुनंदा म्हणाली, "मॅडम, चाळिशी उलटली तरी त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. पळून जायचा रस्ता कुठे सापडणार?"

मॅडमनी गाडी द्यायचं लगेच कबूल केलं. पण संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, त्यालाच हवी होती. सुनंदा आणि मॅडम मात्र आजही दर आठवड्याला फोनवर बोलतात. विषय काय असतो ते मी विचारत नाही!

*

आता शेवटचा. हा सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

धूलकोटला नामदेवकाका आणि काकू, दोघंच राहतात. मुलगी लांब, सासरी. काकांना मोतीबिंदू, त्यामुळे गाडी चालवणं बंद, म्हणून विकायची. पण एकानं त्यांना पैसे भरल्याचा खोटा मेसेज दाखवून गाडी जवळपास नेलीच होती. शेजारी मध्ये पडले म्हणून वाचली. तेव्हापासून गाडीची चावी काकांच्या गळ्यातल्या दोऱ्यात, बनियनच्या आत!

पहिल्या शुक्रवारी काका आमच्याशी खिडकीतूनच बोलले. दुसऱ्या शुक्रवारी गाडीवरचं कव्हर अर्धं वर केलं. अर्धंच! तिसऱ्या शुक्रवारी दार उघडून दाखवलं, पण बसू दिलं नाही. भगवानभाऊ वैतागले. "लग्नाला मुलगी दाखवतात तेव्हासुद्धा एवढा पडदा नसतो!" मी त्यांना कोपर मारलं. गाडी मला फार आवडली होती.

त्याच दिवशी काकांनी मला विचारलं, "किती वर्षं चालवता?"

भगवानभाऊ डोळ्यांनी खुणावत होते, दहा सांग, दहा! पण माझ्या तोंडून खरंच निघालं. "सहा महिने झाले शिकून. तेही क्लासच्या गाडीवर. डोंगरात एकदाही नाही."

"आत्तापर्यंत आलेले सगळे वीस-वीस वर्षंवाले होते," काका एवढंच म्हणाले आणि कव्हर पुन्हा ओढून घेतलं.

चौथ्या शुक्रवारी भगवानभाऊंची ड्युटी होती. मी एकटाच बसनं गेलो. काकू चहा घेऊन आल्या, आणि कपबशी खाली ठेवता ठेवता एकदम कोसळल्या! अंगाला दरदरून घाम, बोलणं तुटक. मी धावत गावातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. साखर खूप खाली गेली होती. त्यांनी सुई लावली, पण म्हणाले, इथे थांबू नका, बुऱ्हाणपूरला घेऊन जा. अँब्युलन्सला फोन केला, तर ती दुसरीकडे गेलेली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बनियनमध्ये हात घातला आणि दोऱ्यासकट चावी तोडून माझ्या हातात दिली. चावी गरम होती.

समोर डोंगरातली वळणं, मागच्या सीटवर काकांच्या मांडीवर काकूंचं डोकं. पहिल्याच चढावर गाडी बंद पडली. वाटलं, संपलं. मागून काकांचा आवाज आला, अगदी हळू, "घाबरू नका. हँडब्रेक लावा, पुन्हा सुरू करा. आता क्लच सावकाश सोडा, मग हँडब्रेक. तिला घाई चालत नाही." मी सोडला. गाडी निघाली! मग प्रत्येक वळणावर काका न बघता सांगत होते. "आता उजवीकडे येईल. दुसरा गियर. आता उतार." डोळ्यांना धड दिसत नसलेला माणूस मला रस्ता दाखवत होता!

दवाखान्यात पोचलो. सलाईन लागलं. तासाभरानं काकूंनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अहो, ह्यांची टेस्ट ड्राइव्ह झाली का?"

नर्सबाईसुद्धा हसल्या! मी मात्र बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

दोघांना एक दिवस तिथेच ठेवून घेतलं. मी चावी काकांपुढे धरली, तर म्हणाले, "मी काय करू तिचं? घेऊन जा घरी. उद्या आम्हाला न्यायला या." ना कागद, ना सही, ना बयाणा! मी गाडी घेऊन दारात आलो. सुनंदा धावत बाहेर आली. "घेतली?" मी म्हटलं, "मलाच माहीत नाही!"

दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन धूलकोटला गेलो. या वेळी गाडी एकदाही बंद पडली नाही. अंगणात उतरल्यावर काकांनी माझ्याकडे हात पसरला. मी चावी दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि गाडीवर कव्हर घातलं, पूर्ण, खालपर्यंत.

मी धीर करून विचारलं, "काका, मग गाडीचं...?"

"आज शनिवार. शनिवारी घरी लोखंड नेतात का कोणी? उद्या सकाळी घरच्यांना घेऊन या आणि घेऊन जा."

काकू दारातून म्हणाल्या, "अहो, पण कालपासून त्यांच्याच दारात तर उभी होती ती! आज सकाळीसुद्धा!"

"तेव्हा ती आपली होती," काका म्हणाले.