कापलेलं हँडल

सायकलवाल्या मावशींच्या दुकानात जुनी सायकल आणली की आधी बोलणी खायची आणि मग भाव ऐकायचा, हा रिवाजच होता. गंज झाकायला वरून रंग फासलेला दिसला की त्या विचारायच्या, हिला नटवायला वेळ होता, मग तेल द्यायला का नव्हता? गिऱ्हाईक निमूट ऐकून घ्यायचं, कारण मावशी सायकलीबद्दल खोटं बोलत नाहीत हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. फ्रेम उंचीला मोठी पडत असेल तर हातातल्या विक्रीवर पाणी सोडून त्या माणसाला परत पाठवायच्या.

आज सायकल घेऊन आला तो त्यांचा सख्खा दादा. जाड टायरची, गिअरची, डोंगरउतारावर चालवायची सायकल, वडिलांनी कधीकाळी दादासाठी घेतलेली. हल्ली असल्या जुन्या सायकली जमवणारे शौकीन निघालेत. त्यातलाच एक दादाला भेटला होता, पण त्याची अट एकच, मावशींनी पारखली तरच घेईन. मग दादानं सायकल घासूनपुसून लख्ख केली, सीट आपल्या उंचीला वर ओढली आणि शौकिनाला बरोबर घेऊनच तो दुकानात हजर झाला. आपण तरुणपणी हिच्यावर डोंगरातल्या शर्यती मारल्या, हे त्यानं वाटेतच सांगून ठेवलं होतं.

शर्यती म्हणे! दादा त्या सायकलवर दोनदा बसला होता. दुसऱ्यांदा खडीच्या उतारावर त्यानं गुडघे फोडून घेतले आणि सायकल जिन्याखाली लोटून दिली. तिथून ती बाहेर काढली मावशींनी. शर्यतींत त्या उतरल्या, जिंकल्याही. घरात मात्र ती कायम 'दादाची सायकल'च राहिली. दादाच्या सायकलचे ब्रेक झिजवलेस, दादाची सायकल चिखलात घातलीस, हे ऐकतच त्या मोठ्या झाल्या. मावशींचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी दादाची वस्तू दादाच्या हवाली केली. मावशींनी ती परत मागितली नाही. ती तुझी होती, एवढं दादानं एकदा तोंडानं म्हणावं, इतकीच त्यांची इच्छा होती. इतक्या वर्षांत त्याला ते जमलं नव्हतं.

"छकुले, बघ जरा, आणि चांगला भाव सांग," दादा म्हणाला.

पन्नाशी उलटलेल्या बाईला गिऱ्हाइकासमोर छकुली! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सायकलनं काय घोडं मारलं होतं? त्यांनी ती उलटी केली, सांध्यांखालून बोटं फिरवली. कुठं तडा नाही, नळीत गंज नाही, चाकंही सरळ. शौकिनाला त्यांनी मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं आणि फ्रेम तुमच्या मापाची आहे, असं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. तो खूश झाला. मग त्यानं हँडल धरलं आणि त्याची कोपरं बरगड्यांना टेकली. वाकून पाहतो तर हँडल दोन्ही टोकांना करवतीनं कापलेलं.

कुठल्या गाढवानं या मूळच्या हँडलची वाट लावली, म्हणून तो उखडला. एका मिस्त्रीचा प्रताप, असं दादानं हसत हसत ठोकून दिलं. आपण तेव्हाच त्याला झापलं होतं, हेही वर जोडलं.

"ते गाढव मी," मावशी म्हणाल्या.

दादाचं हसू मावळलं. मावशी आता थांबणार नव्हत्या. हँडल त्यांच्या खांद्यांना रुंद पडत होतं, उतारावर हात भरून यायचे, म्हणून त्यांनी वडिलांच्याच करवतीनं ते कापलं होतं आणि त्यापायी मारही खाल्ला होता. मिस्त्री कुठला आलाय! त्यांनी सीटखालच्या दांड्यावर बोट ठेवलं. दादानं सीट वर ओढली नसती तर ती झिजलेली गोल खूण आत दडून राहिली असती.

"सीट एवढी वर्षं या खुणेवर होती," त्या शौकिनाला म्हणाल्या. "इतक्या खाली बसून यानं चालवली असती, तर याचे गुडघे कानाला लागले असते. हँडल कापलेलं आहे, तेवढा भाव कमी करा. पण चालवली कुणी, ते खोटं माझ्या दुकानात विकलं जाणार नाही."

शौकीन दादाकडे बघू लागला. दादानं रुमालानं मान पुसली आणि मोठेपणाचा आव आणला.

"एवढं मनाला लागलंय तर ठेव तूच. जा, दिली तुला."

"दिली?" मावशींचा आवाज एकदम खाली आला. "देणारा तू कोण?"

दादानं हँडलच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग शौकिनाला म्हणाला, "हिचीच आहे. मला उताराची भीती वाटायची."

हे ऐकलं की आपला राग निवेल, असं मावशींना आयुष्यभर वाटत आलं होतं. तो उलट भडकला. इतकंसं वाक्य, आणि त्याला इतकी वर्षं!

"हे बाबा असताना म्हणायचं होतंस," त्या म्हणाल्या.

मावशींनी पाना घेतला आणि सीट खुणेपर्यंत खाली उतरवू लागल्या. सायकल हलू नये म्हणून दादानं हँडल धरून ठेवलं.