पाल म्हणजे दूध

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हा शेवटच्या परीक्षेआधी तिच्या वर्गाच्या मिसनी मला शाळेत बोलावलं. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि अजून वर्गाच्या दारात उभी राहिले की कोणीतरी पाढे विचारील असं वाटतं. मिसनी पाढे विचारले नाहीत. आम्ही मराठी, पण राहतो तमिळ मुलखात; त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "अम्मा, मुलगी लिहिते छान, पण तोंड उघडत नाही. आमची शाळा पाचवीपर्यंतच. सहावीसाठी पलीकडच्या मोठ्या शाळेच्या हेडमिस स्वतः येऊन तोंडी परीक्षा घेतात. त्यांच्यासमोर ही अशीच बसली तर जागा मिळायची नाही."

मोठी शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. तिथे जागा मिळाली नाही तर टाउन बसने दूर जावं लागणार. आता जी मुलगी मिसशी बोलत नाही, ती कंडक्टरला कुठे उतरायचं ते कसं सांगणार? ती मुकाट्याने बसून थेट शेवटच्या थांब्यावर, पापनाशमला पोचेल, आणि तिथे तरी कुठे कोणाला काही सांगणार आहे? मला रोज तेच दिसायचं. बस पापनाशमला उभी, सगळे उतरलेले, आणि ही मांडीवर दप्तर घेऊन खिडकीशी.

ती घरी बोलते. आमच्याशी मराठीत, खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीशी तमिळमध्ये, सासूबाईंशी भांडताना दोन्हीत. शाळेत मात्र पहिलीपासून गप्प. त्याला कारण आहे. पहिलीच्या पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने फाटकात मला पाहिलं आणि जोरात हाक मारली, "आई!" आता तमिळ बोलणाऱ्या लहान मुलांच्या बोलीत 'आय्' म्हणजे शी. सगळी मुलं हसली. एक वॉचमन आहे तिथे, चांगला माणूस, तो धावत आला आणि तिला दंडाला धरून मागच्या संडासाकडे घेऊन गेला. ती ओरडतेय "आई, आई", आणि तो म्हणतोय "आलंच, आलंच, जरा धर." त्या दिवसापासून ती मला अम्मा म्हणते. शाळेत तर तेही म्हणत नाही.

परीक्षा जवळ आली तशी मुलांनी आपापली सोय करायला सुरुवात केली. खालची मैत्रीण कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारपुढे, म्हणजे गणपतीपुढे, कान धरून इतक्या उठाबशा काढायची की गणिताच्या पेपरला तिला बाकावर बसवेना, उभ्याने लिहायला परवानगी मागावी लागली. कोणी पेनाला विभूती लावली, कोणी पुस्तक उशाखाली ठेवलं. आमचीने वेगळंच शोधून काढलं. एक दिवस मी इडलीचं वाटायला दगडी ग्राइंडर लावला, तर त्या घरघरीत मला आवाज ऐकू आला. ग्राइंडरला तोंड लावून ती धडा म्हणत होती. मोठ्याने, हातवारे करत. बटण बंद केलं की ही बंद. परत लावलं की परत सुरू.

"ग्राइंडर बंद असला की का म्हणत नाहीस गे?"

"मग ऐकू जाईल."

"परीक्षेत ऐकू जायलाच पाहिजे की!"

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी पाठ तर होऊ दे."

ते बरोबर वाटलं. म्हणून मी ग्राइंडर चालू ठेवत गेले. रिकामा फिरवला तर दगड झिजतो, मग रोज तांदूळ-उडीद भिजवायचे. विज्ञान झालं तेव्हा फ्रिज पिठाने भरला. समाजशास्त्राला मी शेजारी डबे वाटले. सकाळी इडली, दुपारी दोसा, संध्याकाळी कुळी पणियारम म्हणजे आप्पे, आणि पीठ आंबून भांड्याबाहेर येतंच आहे. सासूबाईंनी ताट पुढे सारलं. "परीक्षा तिची आणि पोट आमचं फुगवते! तिला सांग, निदान चटणी वाटताना इतिहास म्हण."

"चटणीला वेळ कमी लागतो अज्जी," मुलगी म्हणाली. "त्यात एक राजासुद्धा बसत नाही."

तोंडी परीक्षेच्या दिवशी आयांना व्हरांड्यात बसवलं होतं. दार उघडं होतं. आत टेबलामागे मोठ्या शाळेच्या हेडमिस, जाड, पांढऱ्या केसांच्या, बाजूला आमच्या मिस. आमच्या मिसनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलगी लाजते, सोपं विचारा, असं असणार, कारण हेडमिसनी पुस्तक मिटलं आणि पहिलीतल्या मुलीला विचारावं तसं विचारायला लागल्या.

आधी नाव विचारलं. ही गप्प. वडील काय करतात? गप्प. मला बस दिसायला लागली.

मग त्यांनी एक चित्र वर धरलं. हिरवीगार कैरी. "हे पळम् का, की आणखी काही?" पळम् म्हणजे पिकलेलं फळ. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत होती, हिला ऐकू आलं नाही. भीतीने तमिळ विसरली आणि घरातल्यासारखं बारीक आवाजात विचारलं, "काय?"

"काय्! बरोबर!" हेडमिस म्हणाल्या. तमिळमध्ये कच्च्या फळाला काय् म्हणतात.

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"रात्री घर राखणारा प्राणी कोणता?"

हिने मान हलवली. आमच्या घरात 'नाही' पूर्ण कोणी म्हणत नाही, तेवढा धीर नसतो. ती म्हणाली, "नाय."

"नाय्! छान!" नाय् म्हणजे कुत्रा.

माझ्या शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं. "तुमची मुलगी बोलते की वो!" मी पदर तोंडाला लावला.

"एका इडलीचे चार भाग केले, त्यातला एक म्हणजे किती?"

इडली ऐकून तिचा चेहरा उतरला. आता सांगायलाच हवं असं तिला वाटलं असणार, कारण ती धीर करून बोलायला लागली, "काल..." काल सगळं पाठ होतं, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. पण पुढचं म्हणायची गरज पडली नाही. तमिळमध्ये काल् म्हणजे पाव भाग.

आमच्या मिसच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत त्यांनी तिचे इतके शब्द ऐकले नव्हते.

"शेवटचं. गाय आपल्याला काय देते?"

मुलगी वर बघत होती. हेडमिसच्या डोक्यावर, बरोबर पंख्याच्या दांडीला, एक पाल लटकत होती. जाड, त्यांच्यासारखीच. तिची पकड सुटत होती. मुलीने बोट वर केलं आणि शाळेच्या भिंती पहिल्यांदाच तिच्या आवाजाने दणाणल्या. "पाल!"

"पाल्! शाबास! दुधाचं नाव किती आवडीने घेते बघा!" असं हेडमिस म्हणत आहेत तोच ते दूध त्यांच्या उजव्या खांद्यावर पडलं.

पुढची काही मिनिटं परीक्षा नव्हती. पाल गेली, चष्मा सापडला, मग उजव्या खांद्यावर पडली तर चांगलं की वाईट, यावर दोघी पंचांग मागवू लागल्या. चांगलं, असं शिपायाने सांगितलं. मग मला आत बोलावलं.

"अम्मा, जागा दिली," हेडमिस म्हणाल्या. अजून खांदा झटकत होत्या. "अशी मुलं हवीत. विचारलं तेवढंच बोलते, एक शब्द जास्त नाही. तुम्हाला काही विचारायचंय?"

मला सगळं सांगावंसं वाटलं. काय म्हणजे काय आणि पाल म्हणजे पाल. पण मुलगी कोणाची? माझीच. तोंडातून एकच शब्द निघाला, "नाय."

हेडमिसनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "कुठे?"

मी बाहेर येऊन फाटकापाशी उभी राहिले. मुलगी दप्तर आणायला वर्गात गेली होती. ती आता घाबरून येईल, म्हणेल, अम्मा, मी एकाचंही उत्तर दिलं नाही, जागा परत घेतील. तिला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. जुळत नव्हतं.

ती आली तेव्हा फाटकात सगळा वर्ग होता, मोठ्या शाळेत जाणारे, न जाणारे, त्यांच्या आया. ती पायरीवर थांबली. घाबरलेली दिसत नव्हती. ओठ हलवत होती, शब्द चघळून बघत असल्यासारखी. मग तिने मान वर केली आणि ग्राइंडर चालू असावा इतक्या मोठ्याने हाक मारली,

"आई!"

मुलं हसलीच. वॉचमन स्टुलावरून उठला, आता म्हातारा झालाय, पण कामाला पक्का. हात लांब करून संडासाची वाट दाखवायला लागला. "मागे, डावीकडे, पळ बाळ, पळ!"

ती हलली नाही. त्याच्याकडे बघून हसली आणि आणखी जोरात ओरडली, "आई!"

आता सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. घरी अशी हाक आली की आम्ही ओ देतो. मी पदर तोंडावरून काढला आणि फाटकातूनच, सगळ्यांसमोर, ओ दिली.

"तुम्हालाही का?" वॉचमन म्हणाला. "मग दोघी जा."