परत कशी येशील?

जवळ ये गो. तू मुंबईत, मी इथे खाडीकाठी, पण वाचताना तरी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस आणि मुकाट ऐकून घे. भरती लागलेली असताना मैत्रिणींबरोबर खडकाच्या टोकावर गेलीस, लाटा अंगावर घेतल्यास, आणि वर फोनवर मामीला हसत सांगतेस? तुझी आई ऐकून गप्प बसली म्हणालीस. ती का गप्प बसली ते मला ठाऊक आहे. तुला भागीकाकी ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. चुकलंमाकलं पोटात घाल.

भागीकाकी आमची शेजारीण. काटक, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिची एक खोड होती. कुणी कुठेही निघालं की ती "कुठे?" असं विचारत नसे. "परत कशी येशील?" असं विचारी. बाजारात निघालेल्याला तेच, माहेरी निघालेल्या सुनेला तेच. वाडीतली माणसं हसत. माझे सासरे तर म्हणत, "भागी, मी परसात जाऊन येतो, परत येईन त्याच वाटेनं." काकी म्हणे, "हसा. जायची वाट डोळ्यांना दिसते. यायची वाट डोक्यात असावी लागते."

आणि एक शब्द तिच्या तोंडी सारखा असे, आगोचर. मी पालीची, घाटाकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर नाहीतर वहाळ. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आगोचर म्हणजे खोडकर. काकीनं माझी शिकवणीच घेतली. "कैऱ्या चोरतो तो खोडकर. शिजायच्या आधी भाताचं झाकण काढतो तो उतावळा. आणि उतरायचं कसं ते न बघता झाडावर चढतो ना, तो आगोचर. खोडकराला मार बसतो, उतावळ्याचं तोंड भाजतं. आगोचराला शोधायला दुसऱ्यांना जावं लागतं."

तेव्हा मला हसू आलं होतं.

ऐंशीनंतरची गोष्ट, साल आठवत नाही. तुझे मामा मुंबईला नोकरीला, घरात सासरे, मी आणि तुझी आई शालू. तिचं लग्न ठरलेलं. अमावास्येच्या सुकतीला समुद्र लांब आत जातो, एरवी बुडालेली खडकांची खडपं उघडी पडतात आणि त्यांच्यावर चिकटलेली मोठी मोठी कालवं कोयतीनं शिंपलं फोडून काढता येतात. आम्ही दोघी काकीबरोबर निघालो. वाटेत हसनभाई होडी लोटत होते. काकीनं त्यांनाही सोडलं नाही.

"हसनभाय, परत कधी?"

"भरती लागली का येतंय, भागीबाय. मासली गावो नाय तर न गावो!"

कालवं काढून आम्ही परत फिरलो. खडपं आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे, जाताना घोट्याएवढं पाणी होतं. तो ओलांडला आणि शालू थबकली. "माझी कोयती राहिली!" आईची कोयती ती, माझ्या गेलेल्या सासूची. काकीनं हाक मारेपर्यंत पोर चरातून पलीकडे पोचलीसुद्धा.

मला वाटत होतं, भरती समोरून येते. येत नाही गो. ती आधी पाठीमागचा चर भरते. शालू कोयती उंचावून हसत वळली, तोवर आमच्यामध्ये पाणी नुसतं ओढत होतं. तिला पोहता येत नव्हतं, मलाही नाही.

मी पाण्यात पाय घातला. काकीनं माझा अंबाडाच धरला. "मेले, एक मढं काढू का दोन?"

"काकी, ती जाईल हो!"

"उभी ऱ्हा!" मग तिकडे ओरडली, "शाले, उतरू नकोस! उंच खडपावर चढ आणि बस!"

पाणी शालूच्या खडपाला लागलं. ती उठून उभी राहिली, पाणी पायांवर आलं. ती रडत म्हणाली, "काकी, मी येते! जमेल मला!"

"येशील कशी ते सांग आधी!" काकी ओरडली. "चरात कालवांच्या धारा हायत, पाय कापून निघतील. तुझ्या हळदीला काय बँडेज बांधून बसशील? नवरा पळून जाईल!"

शालू रडता रडता हसली. काकी बोलतच राहिली, शिव्या घालत, थट्टा करत. पण तिची नजर शालूवर नव्हती. खाडीच्या तोंडाकडे होती. तिथे काहीच नव्हतं. पाणी शालूच्या कमरेला आलं. माझ्या अंबाड्यातली काकीची मूठ मात्र सुटली नव्हती.

मग शीड दिसलं.

हसनभाईंनी तिला काखेत धरून होडीत ओढलं, तेव्हा कोयती तिच्या मुठीतच होती. किनाऱ्यावर काकीनं तिला एक थोबाडीत मारली आणि मग अशी मिठी मारली की सोडवेना. घरी आल्यावर काकीनंच चहा ठेवला.

शालूनं विचारलं, "काकी, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली तर! हसनभाय खाडीतच ऱ्हायला असता तर? भीती वाटली म्हणून उभी ऱ्हायले. आगोचराला भीती वाटत नाय बाय. ती मागाहून दुसऱ्यांना वाटते."

काकी पुढे काही वर्षांनी गेली, अंथरुणात. कुठलं लुगडं नेसवायचं तेही सांगून. भरती लागते तेव्हा माझा हात अजून अंबाड्याकडे जातो. आता अंबाडा कसला, चार केस उरलेत.

तर तुझी आई का गप्प बसली ते कळलं ना? तिला ते पाणी पुन्हा कमरेला लागलं असेल.

आता तिला घेऊन लवकर ये. कालवांचं सुकं करते, कोयती आहे अजून. आणि परत कशी जाशील ते या खेपेला मी विचारणार नाही. राहायलाच ये.