मागच्या जागेतले रविवार

थोरले दीर वारले तेव्हा त्यांच्या रानातला कांदा काढणीला आला होता. वैजापूरजवळच्या त्या शेतावर ते आणि अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, दोघंच राहायचे. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य उरकलं, रान गावातल्या एका चुलत पुतण्यानं कसायला घेतलं, आणि माझे यजमान अक्कांना म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही आमच्याकडं चला. इथं एकट्यानं राहायचं नाही." अक्का हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक पिशवी भरली आणि गाडीत येऊन बसल्या.

शहरात आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. अक्का गॅलरीत भिंतीला टेकून बसायच्या आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांकडं बघत राहायच्या. बोलणं बंद. बांधावरून त्यांनी हाक मारली तर पार पलीकडच्या विहिरीवर ऐकू जायची, अशी ही बाई. आता मी "अक्का, चहा ठेवू?" विचारलं तर माझ्याकडं नुसतं बघायच्या, कुणी दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. पण त्यांना घराबाहेर काढा, आणि हाताला काहीतरी द्या."

हाताला द्यायचं म्हटल्यावर मला हुरूपच आला. माझा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेला. मी जाड कागद आणला, नवीन खडू आणले, सगळं अक्कांपुढं मांडलं. "काढा काहीपण," म्हटलं. त्यांनी खडूंची पेटी हातात घेतली, झाकण लावलं आणि माझ्या हातात परत दिली. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्या खडूंसाठीही.

आमच्या इमारतीच्या मागं सोसायटीची मोकळी जागा आहे. एक मोठा कडुनिंब, दोन करंज, बांधकामाचा जुना राडारोडा आणि गाजरगवत. एका सकाळी मी देवाचं निर्माल्य झाडाच्या बुडाशी टाकायला निघाले, तर अक्का मागोमाग उतरल्या. कडुनिंबाखाली त्या उकिडव्या बसल्या. तळहातानं माती सारखी केली. मग एक काटकी उचलून रेघा ओढायला लागल्या. आडव्या, उभ्या, मधून एक लांब वळण घेणारी. 

त्या वळणावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हितून पाणी यायचं."

मी खाली बसले. "आणि हे काय?"

"वाफे. ह्यो कांद्याचा. हितं हे बसायचे, बिडी वढत." एवढं बोलल्या आणि रडायला लागल्या. दिवसकार्याला डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई मोठमोठ्यानं रडली. मी थांबवलं नाही.

त्यानंतर आम्ही रोज खाली जाऊ लागलो. माझी एक जुनी मैत्रीण मानसोपचार करते. तिला हे सांगितल्यावर ती स्वतः येऊन आमच्याजवळ बसली. जाताना मला म्हणाली, "तू मास्तरीण आहेस, म्हणून सांगते. चित्र छान आहे म्हणायचं नाही, चुकलंय म्हणायचं नाही. यात काय चाललंय, एवढंच विचारायचं. आणि जागा बदलू नकोस. अर्धं काम ते झाडच करतंय." जीभ चावत चावत मी तिचं ऐकलं. वर्षानुवर्षांची दुरुस्त करायची सवय अशी जात नाही.

मग तळमजल्यावरचे काका यायला लागले. त्यांचं गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून त्यांना झोप येत नव्हती. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस, त्यामुळं मराठीत हिंदी मिसळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "वहिनी, जमीन पे क्या करता तुम्ही? कपडा घ्या," असं म्हणत त्यांनी घरात उरलेला मांजरपाटाचा अख्खा तागाच आणून टाकला. मांजरपाटावर माती छान धरते. अक्कांनी पुतण्याकडून वैजापूरची काळी माती मागवली, आमच्या जागेतला तांबूस मुरूम होताच. घरातली हळद घेतली, पळसाची फुलं उकळून केशरी रंग केला. करंजाची पानं रंगात बुडवून काका त्यांचे ठसे कापडावर एका ओळीत उमटवायचे, अगदी दुकानात कापडाचे तागे मांडल्यासारखे. मैत्रिणीनं सांगितलेलं मी विचारलं, "यात काय चाललंय काका?" आणखी एका पानाचा ठसा उमटवून ते म्हणाले, "दुकान उघडतोय."

वरच्या मजल्यावरची एक मुलगी घरूनच कंपनीचं काम करायची. तिच्या छातीत एकदम धडधडायचं, हात गार पडायचे. ती आधी नुसती कट्ट्यावर बसायची. एकदा अक्कांनी तिचे दोन्ही हात धरले आणि ओल्या मातीत दाबून धरले. "सोडू नको. दम घे." ती तशीच बसून राहिली. हळूहळू तिचा श्वास ताळ्यावर आला. मग दर रविवारी ती येऊ लागली, तिच्याबरोबर तिची सासू, मग इतर बायका. राडारोडा आम्हीच उचलला. गाजरगवत उपटलं.

आणि मग सोसायटीची नोटीस लागली. मागच्या जागेत फरशी घालून पार्किंग करायचं, त्यासाठी सभा.

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. रस्त्यावर लावलेल्या गाड्या उन्हात तापत होत्या, त्यांना ओरखडे पडत होते, लोक रोज त्याचंच डोकं खात होते. मी त्यांना एकच विनंती केली, "सभा त्या जागेतच घ्या." ते तयार झाले. सभेच्या सकाळी काकांनी कडुनिंबापासून करंजापर्यंत दोऱ्या बांधल्या आणि आम्ही सगळी कापडं वाळत घातल्यासारखी टांगली. मातीचे वाफे, पानांची दुकानं, हळदीचे हात. लोक खुर्च्यांवर बसायच्या ऐवजी कापडांमधून हिंडत राहिले.

सेक्रेटरींनी मुद्दा मांडला. दोघं-तिघं त्यांच्या बाजूनं बोलले. मी उठायच्या तयारीत होते, भाषण पाठ केलं होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून अक्का उभ्या राहिल्या. पदर खोचला. आणि बांधावरचा तो आवाज कितीतरी महिन्यांनी मी ऐकला.

"मी तिसऱ्या मजल्यावरली. माझा मालक गेला तवा मला रडू आलं नाय. हितं आलं. तुमच्या गाड्यांला ऊन लागतं, व्हय, मला दिसतंय. पुढच्या अंगाला मोकळं हाय, तिथं छप्पर घालून लावा की, कोण नाय म्हणतं? पन ही जागा घेतली तर मी रडायला जाऊ कुठं? त्या लिफ्टमधी?"

कुणीतरी हसलं, आणि हसू पसरत गेलं. अक्काही हसल्या. वरच्या मजल्यावरची ती मुलगी उठली आणि म्हणाली, "मलाही ही जागा हवीय." काका उठले, "मला पण. लिख लो." मग नुसते हात वर होत गेले. सेक्रेटरींनी मोजायला सुरुवात केली आणि मधेच मोजणं सोडून दिलं. "ठीक आहे, ठीक आहे," ते म्हणाले, "छपराचं बघू पुढच्या बाजूला."

काकांनी अशी शिट्टी मारली की करंजावरच्या साळुंक्या उडाल्या. बायकांनी अक्कांना गराडा घातला. माझं पाठ केलेलं भाषण माझ्या तोंडातच राहिलं, आणि इतका आनंद मला कुठल्याच भाषणानं कधी दिलेला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही खाली गेलो तेव्हा कडुनिंबाखाली एक म्हातारी बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. सेक्रेटरी तिच्या शेजारी अवघडून उभे होते. "ही माझी आई," ते मला म्हणाले. "घरात कुणाशी बोलत नाही. तुम्ही... काही फी वगैरे असते का?"

मी उत्तर द्यायच्या आत अक्का पुढं झाल्या. त्यांनी म्हातारीला खुर्चीतून अलगद उठवलं, खाली पोत्यावर बसवलं, तिच्यापुढं ओल्या मातीचं घमेलं सरकवलं. मग सेक्रेटरींकडं वळून म्हणाल्या, "तुमी जावा आता. आमच्या दोघींचं बोलणं व्हायचंय."